आधी प्रश्न, मग भाषण : गटाने विचार कसा करावा आणि तो सभेत कसा मांडावा

कोल्हापुरात बोलणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. बिंदू चौकातल्या सभा ऐकत वाढलेल्या पिढ्या या शहरात आहेत, वक्तृत्व स्पर्धांना मुले अजूनही मनापासून तयारी करून येतात, आणि तालमीच्या कट्ट्यावर बसलेला माणूससुद्धा आपला मुद्दा पटवून दिल्याशिवाय उठत नाही. असे असूनही संवादशास्त्राच्या वर्गात सहा जणांचा गट करून 'एक स्थानिक प्रश्न घ्या, त्यावर मिळून विचार करा आणि तो सभेपुढे मांडा' असे सांगितले, की बहुतेक गट एकाच ठिकाणी चुकतात. पहिल्या दहा मिनिटांत उपाय ठरतो, पुढचे तीन आठवडे त्या उपायाचे समर्थन गोळा करण्यात जातात आणि शेवटी गटातला सर्वांत चांगला वक्ता ते समर्थन खणखणीत आवाजात ऐकवतो. टाळ्या पडतात, गुणही मिळतात, आणि प्रश्न होता तिथेच राहतो.

अभ्यासक्रमात सार्वजनिक भाषण आणि गटाने प्रश्न सोडवणे हे दोन वेगळे घटक असतात व ते बहुधा वेगवेगळ्या महिन्यांत शिकवले जातात. अनेक वर्षे शिकवल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की हे एकाच कामाचे दोन टप्पे आहेत आणि पहिला टप्पा नीट झाला नसेल तर दुसऱ्यावर घेतलेली मेहनत वाया जाते. ते काम कसे करावे, हे येथे एका उदाहरणाच्या आधाराने सांगत आहे. उदाहरण पुराचे आहे, कारण पंचगंगेच्या काठी राहणाऱ्याला ते समजावून सांगावे लागत नाही. शिवाय माझ्या वर्गातल्या एका गटाने हा प्रश्न घेतला तेव्हा काय चुकले आणि ते कसे सुधारले, हे मी जवळून पाहिले आहे.

प्रश्नाचे एक वाक्य

गटचर्चेचा जो क्रम आज संवादशास्त्रात शिकवला जातो, त्याचे मूळ अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १९१० साली मांडलेल्या विचाराच्या पायऱ्यांमध्ये आहे. माणूस नीट विचार करतो तेव्हा आधी काहीतरी अडल्याची जाणीव त्याला होते, मग नेमके काय अडले आहे हे तो ठरवतो, मग काही उपाय सुचतात, त्या प्रत्येकाचे परिणाम तो मनाशी तपासतो आणि अखेरीस पडताळणी करून एखादा उपाय स्वीकारतो किंवा टाकून देतो. ड्यूईंनी हे एकट्या माणसाच्या विचारासंबंधी लिहिले होते. त्यावरून गटाच्या चर्चेचा क्रम पुढे या विषयाच्या शिक्षकांनी बसवला. कोल्हापूरकराला या नावाशी थोडी जवळीक वाटायला हरकत नाही. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना ड्यूई तेथे प्राध्यापक होते आणि बाबासाहेबांनी त्यांची व्याख्याने ऐकली होती. पुढे मार्च १९२० मध्ये आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणगावला झालेल्या अस्पृश्यांच्या परिषदेचे अध्यक्ष बाबासाहेब होते आणि त्या परिषदेला राजर्षी शाहू महाराज स्वतः आले होते.

या पायऱ्यांपैकी दुसरी, म्हणजे नेमके काय अडले आहे हे ठरवणे, सर्वांत अवघड आहे आणि तिलाच सर्वांत कमी वेळ दिला जातो. आमच्या गटाने पहिल्या बैठकीत फळ्यावर लिहिले : 'पूरग्रस्तांना जास्तीत जास्त मदत कशी पोहोचवता येईल?' वाक्य चांगले आहे, त्यामागची भावना खरी आहे, पण उपाय त्यात आधीच येऊन बसला आहे. 'मदत पोहोचवणे' हे शब्द एकदा लिहिले, की चर्चा कपडे, बिस्किटांचे पुडे आणि पाण्याच्या बाटल्या यांच्या पुढे सरकत नाही. अर्ध्या तासात मुले मंडप कोणत्या चौकात घालायचा इथवर पोहोचली होती. मी त्यांना एवढेच विचारले, की पाणी चढत असताना तुमच्या ओळखीच्या कोणत्या घरातली माणसे अडकली आणि ती का अडकली. कोणीच बोलेना. सहापैकी चौघांनी पूर शिवाजी पुलाच्या अलीकडे उभे राहून किंवा मोबाइलवर पाहिला होता.

दोन बैठकांनंतर त्याच गटाचे वाक्य असे झाले : 'राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ३९ फुटांच्या इशारा पातळीवरून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे जात असते, तेव्हा वेळ हाताशी असूनही नदीकाठच्या वस्तीतील कुटुंबे घर का सोडत नाहीत?' या वाक्यात कोणाचे अडते, कुठे आणि केव्हा अडते व काय अडते, या तिन्ही गोष्टी आहेत. दोन गोष्टी त्यात नाहीत आणि त्या नसणे तितकेच महत्त्वाचे आहे : त्यात उपाय नाही आणि त्यात दोषी कोण हे ठरवलेले नाही. 'लोक ऐकतच नाहीत' किंवा 'कोणाचेच लक्ष नाही' असे शब्द प्रश्नाच्या वाक्यात आले, तर ती तक्रार झाली असे समजावे आणि वाक्य पुन्हा लिहावे. तक्रारीवर सगळ्यांचे चटकन एकमत होते, पण तिच्यातून पुढचे काम निघत नाही.

वाक्य तयार झाल्यावर ते गटाबाहेरच्या, शक्यतो त्या वस्तीतल्याच, एखाद्या माणसाला वाचून दाखवावे. तो 'खरे आहे, पण' असे म्हणाला, तर त्या 'पण'च्या पुढचे शब्द न् शब्द टिपून घ्यावेत. ही पायरी आमच्या गटाने गाळली. त्याची किंमत त्यांना कशी मोजावी लागली, ते शेवटी येईल.

तीन रकान्यांची नोंद

गटात एकाने बैठक चालवावी, एकाने घड्याळाकडे लक्ष ठेवावे आणि एकाने नोंदी घ्याव्यात, हे सर्वांना माहीत असते. नोंदी कशा घ्याव्यात, हे मात्र कोणी सांगत नाही. सभेचे इतिवृत्त लिहिण्याची आपल्याला सवय असते. त्यात कोण काय म्हणाले आणि कोणता ठराव झाला एवढेच येते. प्रश्न सोडवणाऱ्या गटाला त्याचा फार उपयोग नाही. त्याऐवजी पानावर तीन रकाने आखावेत : पक्के ठाऊक आहे, ऐकीव आहे, शोधायचे आहे. गटातले प्रत्येक विधान यांपैकी कुठेतरी पडले पाहिजे.

आमच्या गटात कोणीतरी ठामपणे म्हणाले, की राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की तासाभरात शहरात पाणी वाढते. पावसाळ्यात कोल्हापुरात हे वाक्य घरोघरी ऐकू येते, म्हणून ते सर्वांना पक्के वाटते. नोंद घेणाऱ्या मुलाने ते दुसऱ्या रकान्यात लिहिले आणि त्याच्या शेजारी तिसऱ्या रकान्यात लिहिले : 'पाणी येथे पोहोचायला नेमके किती तास लागतात? पाटबंधारे विभागात विचारणे.' विधान करणाऱ्याचा अपमान झाला नाही, वादही झाला नाही, कारण कागदाने ते काम केले. बैठक संपताना तिसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीपुढे एकाचे नाव आणि एक तारीख लिहावी. एवढे केले, तर पुढची बैठक मागच्या बैठकीचीच उजळणी होत नाही.

आधी लिहा, मग बोला

या भागावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण गटाचे बहुतेक नुकसान इथे होते आणि ते होताना कोणाच्या लक्षातही येत नाही.

आमच्या गटात दोघे उत्तम वक्ते होते, बक्षिसे मिळवलेले. बैठक तेच चालवत आणि चांगली चालवत. एक विद्यार्थिनी नदीपलीकडच्या गावातून रोज येत असे. ती तिन्ही बैठकांना वेळेवर आली, प्रत्येक वेळी मान हलवून दुजोरा देत राहिली आणि तिसऱ्या बैठकीत मी थेट विचारले तेव्हा हळूच म्हणाली, 'सर, माणसं निघतील हो, पण म्हसरं कुठं न्यायची?' तिच्या घरी दोन म्हशी होत्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये घरातले सगळे निघायला तयार होते आणि आई गोठा सोडायला तयार नव्हती. दुधावर चालणाऱ्या घरात दोन दुभत्या म्हशी म्हणजे काय, हे ज्याच्या घरी गोठा नाही त्याला चटकन उमगत नाही. ही गोष्ट तिच्या वहीत पहिल्या दिवसापासून लिहिलेली होती. मग ती बोलली का नाही? 'सगळे वेगळंच बोलत होते, मला वाटलं हे एवढं महत्त्वाचं नसेल,' असे तिचे उत्तर होते.

हा दोष एकट्या तिचा नाही, आणि त्या दोघा वक्त्यांचाही नाही. गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस या संशोधकांनी १९८५ साली प्रयोगातून दाखवून दिले, की गट एकत्र बसला म्हणजे सर्वांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींवरच चर्चा वळते आणि एकट्यादुकट्याला ठाऊक असलेली माहिती, ती निर्णय बदलणारी असली तरी, मागे राहते. सर्वांच्या ओळखीची गोष्ट बोलली की माना हलतात, बोलणाऱ्याला बरे वाटते. अनोळखी गोष्ट बोलली की क्षणभर शांतता पसरते, आणि ती शांतता विशीतल्या मुलीला सहन होत नाही. म्हणजे गट करण्याचा जो मुख्य फायदा, की सहा जणांना सहा वेगळ्या गोष्टी ठाऊक असतात, तोच हातचा जातो.

यावरचा उपाय साधा आहे आणि तो १९७० च्या सुमारास आंद्रे डेलबेक आणि अँड्र्यू व्हॅन डी व्हेन यांनी पद्धतशीर रूपात मांडला. बैठकीच्या सुरुवातीला प्रश्नाचे वाक्य फळ्यावर लिहावे आणि दहा मिनिटे कोणीही बोलू नये. प्रत्येकाने आपापल्या कागदावर सुचेल ते लिहावे. त्यानंतर पाळीपाळीने प्रत्येकाने एका वेळी एकच मुद्दा वाचावा आणि तो जसाच्या तसा फळ्यावर जावा. या फेरीत 'चांगले आहे' असेही म्हणायचे नाही. सर्वांचे कागद रिकामे होईपर्यंत फेऱ्या चालू ठेवाव्यात. मग एकेक मुद्दा समजून घ्यावा, आणि सर्वांत शेवटी प्रत्येकाने चिठ्ठीवर आपल्या पसंतीचे पाच मुद्दे क्रमाने लिहून द्यावेत. चिठ्ठीवर नाव नको. वाचायला हे सगळे यांत्रिक वाटते, आणि पहिल्यांदा करताना मुले अवघडतातही, पण जिची वही तीन बैठका बंद राहिली होती, तिचा मुद्दा या पद्धतीत पहिल्याच फेरीत फळ्यावर गेला असता.

'विचारमंथन' या नावाने आपण जे करतो, त्याविषयीही इथेच सांगतो. अ‍ॅलेक्स ऑस्बोर्न या जाहिरात व्यावसायिकाने ते लोकप्रिय केले; १९५३ साली त्याने त्याचे चार नियम दिले : टीका नको, कल्पनेला मोकळीक द्या, संख्या वाढवा आणि एकमेकांच्या कल्पना जोडून नव्या करा. नियम चांगले आहेत. परंतु येल विद्यापीठातल्या १९५८ च्या प्रयोगापासून वारंवार असे दिसले आहे, की तितकीच माणसे स्वतंत्रपणे बसून लिहितात तेव्हा त्यांच्या एकत्रित कल्पना एकत्र बोलणाऱ्या गटापेक्षा जास्त भरतात. मायकेल डीहल आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी १९८७ साली त्याचे मुख्य कारण शोधले : एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावे लागते, आणि थांबण्यात डोक्यातली कल्पना एकतर विसरते किंवा आपलीच आपल्याला फालतू वाटू लागते. म्हणून टीका न करण्याचा नियम जरूर पाळावा, पण सुरुवात कागदावरच करावी.

उपायांच्या आधी निकष

मुद्दे फळ्यावर आल्यावर उपायांकडे धाव घेण्याचा मोह होतो. तिथे थांबून, चांगला उपाय कोणत्या कसोट्यांना उतरला पाहिजे हे आधी ठरवावे. उपाय समोर आल्यानंतर निकष ठरवले, तर जो उपाय आवडला आहे त्याला साजेसेच निकष सुचतात. आमच्या गटाने चार निकष लिहिले : उपाय वीज गेल्यावर आणि मोबाइलची बॅटरी संपल्यावरही चालला पाहिजे, तो पावसाळ्यापूर्वी पुरा झाला पाहिजे, त्याला बाहेरच्या पैशाची वाट पाहावी लागू नये, आणि रात्री दोन वाजता गल्लीतल्या कोणत्याही शहाण्या माणसाला तो अमलात आणता आला पाहिजे.

पहिल्याच निकषावर सर्वांचा लाडका उपाय, म्हणजे गल्लीचा व्हॉट्सअ‍ॅप गट, मुख्य उपाय म्हणून बाद झाला. मदतीला तो राहू दिला. टिकले ते तीन : जनावरे कोणत्या उंच जागी बांधायची आणि वैरण कोण आणणार हे जागामालकाशी आधीच बोलून ठरवणे, अंथरुणाला खिळलेली माणसे आणि गरोदर स्त्रिया असलेल्या घरांची यादी करणे, आणि बंधाऱ्यावरची पातळी गल्लीतल्या पायऱ्यांवर रंगाने दाखवणे.

सगळ्यांचे पटले म्हणून तिथेच ठराव करू नये. आयर्विंग जॅनिस यांनी १९६१ च्या क्यूबावरील फसलेल्या अमेरिकी मोहिमेचा आणि अशाच इतर निर्णयांचा अभ्यास करून १९७२ साली दाखवले, की एकमेकांशी घट्ट बांधलेल्या हुशार माणसांचा गटही एकोपा टिकवण्याच्या ओढीने शंका गिळून टाकतो. आपल्या मंडळांच्या बैठकांत 'एकमताने मंजूर' हे शब्द अभिमानाने लिहिले जातात, त्यामुळे आपल्याला हे विशेष जपले पाहिजे. बैठक चालवणाऱ्याने आपली पसंती शेवटपर्यंत सांगू नये, एका सदस्याला मुद्दाम विरोधी बाजू मांडायला नेमावे, आणि निर्णयानंतर दोन-तीन दिवसांनी उरलेल्या शंकांसाठी आणखी एकदा बसावे.

सभेपुढे जाताना

आता भाषण. पहिला प्रश्न, कोणी बोलायचे? सवयीने गट आपला सर्वांत सफाईदार वक्ता पुढे करतो. मी सांगेन, की ज्याने तो प्रश्न सोसला आहे किंवा स्वतः फिरून माहिती आणली आहे, त्याने बोलावे आणि सफाईदार वक्त्याने त्याची तयारी करून घ्यावी. वक्त्याच्या चारित्र्यावर आणि विश्वासार्हतेवर श्रोत्यांचे पटणे अवलंबून असते, हे अ‍ॅरिस्टॉटलने सांगून ठेवले आहे. आपल्याकडे तीच गोष्ट 'तू कुणाचा रं?' या प्रश्नात येते. गल्लीतल्या सभेत या प्रश्नाचे उत्तर पहिल्या दोन वाक्यांत मिळाले, तरच पुढचे ऐकले जाते.

दुसरा प्रश्न, कोणासाठी बोलायचे? लॉइड बिट्झर यांनी १९६८ साली असे मांडले, की भाषणाचा खरा श्रोता तोच, ज्याच्या हातून परिस्थितीत बदल होऊ शकतो. आमच्या उदाहरणात तो श्रोता म्हणजे गोठा सांभाळणारी बाई आणि उंचावर मोकळी जागा असलेला शेजारी. पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर पाहुणे बसले असले, तरी भाषण या दोघांसाठी लिहायचे. लिहायला बसण्यापूर्वी एका ओळीत लिहावे : 'हे ऐकून त्यांनी या आठवड्यात काय करावे?' ही ओळ लिहिता येत नसेल, तर भाषणाची वेळ अजून आलेली नाही.

मांडणीसाठी पर्ड्यू विद्यापीठातले प्राध्यापक अ‍ॅलन मन्रो यांनी १९३० च्या दशकात दिलेला पाच टप्प्यांचा क्रम मला सर्वांत उपयोगी वाटतो : लक्ष वेधणे, गरज दाखवणे, उपाय सांगणे, तो अमलात आल्यावरचे चित्र उभे करणे आणि कृती मागणे. लक्षात घ्यावे, की गटाने ज्या क्रमाने विचार केला तो क्रम श्रोत्यांना ऐकवायचा नसतो. 'आम्ही आधी असे ठरवले, मग आमच्या लक्षात आले' हा बैठकांचा वृत्तान्त झाला. बाद केलेल्या उपायांपैकी जो श्रोत्यांच्या मनात हमखास येणार, तेवढा एका वाक्यात, कारणासह सांगावा. बाकीचे वहीत राहू द्यावेत.

सुरुवातीविषयी माझे आग्रहाचे मत आहे. व्यासपीठावरील मान्यवरांची नावे, मग महापुरुषांना वंदन, मग एक शेर आणि मग विषय, या क्रमात सात मिनिटांच्या भाषणातली दोन मिनिटे जातात. वंदन मनापासून असावे आणि एका वाक्यात असावे. त्या विद्यार्थिनीने आपल्या भाषणाची केलेली सुरुवात अशी होती :

'नमस्कार. मी नदीपलीकडून येते. आमच्या घरात दोन म्हशी आहेत. २०१९ ला पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा आम्ही सगळे निघायला तयार होतो, आई नव्हती. कारण दावी सोडली तर म्हशी न्यायच्या कुठं, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. आज मी तुमच्याकडे एकच गोष्ट मागायला आले आहे. पाऊस सुरू व्हायच्या आत, आपल्या गल्लीतली जनावरं कुठं बांधायची, ते आपण ठरवूया.'

पन्नास-साठ शब्दांत वक्ता कोण, प्रश्न काय आणि मागणी काय, हे तिन्ही सांगून झाले. तिने हे चार वेळा लिहिले. पहिल्या मसुद्यात 'महाप्रलयाचे रौद्र तांडव' होते. तिच्याच मैत्रिणीने ते खोडायला लावले, आणि ते बरोबरच होते, कारण ज्यांनी तो पूर पाहिला आहे त्यांच्यापुढे विशेषणे फिकी पडतात.

आकड्यांची गोष्टही तशीच आहे. ४३ फूट हा आकडा पावसाळ्यात सर्वांच्या तोंडी असतो, पण तो बंधाऱ्याजवळचा आहे. आपल्या दारात त्याचा अर्थ काय, हे पुष्कळांनी कधी ताडून पाहिलेले नसते. नदीकाठी फिरताना गटाला वारंवार ऐकायला मिळाले, की '२००५ ला इथवर पाणी आलं नव्हतं'. लोक आकड्याने मोजत नव्हते, मागच्या पुराच्या खुणेने मोजत होते. आणि २०१९ व २०२१ या दोन्ही वर्षी पाणी धोका पातळीच्या दहा फुटांहून अधिक वर गेल्याने ती खूणच खोटी ठरली. म्हणून भाषणात आकडा सांगायचा तर त्याला त्या जागेची खूण जोडावी. गटाने घरोघर विचारले, की पाणी कोणत्या दिवशी कोणत्या पायरीला लागले, त्या दिवसाची प्रसिद्ध झालेली पातळी जुन्या वर्तमानपत्रांतून काढली आणि दोन्ही जुळवून पाहिले. मग 'पाणी ४३ फुटांवर जाते' या वाक्याच्या जागी 'बंधाऱ्यावर ४३ झाले, की पाणी देवळाच्या तिसऱ्या पायरीवर असते' हे वाक्य आले. असे वाक्य म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि म्हटल्यावरही थांबावे, म्हणजे ऐकणाऱ्याला ती पायरी मनात पाहता येते.

सरावाबद्दल थोडक्यात. भाषण पाठ करू नये. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर पाच टप्प्यांचे पाच शब्द लिहून उभे राहून, मोठ्याने, घड्याळ लावून निदान तीन वेळा बोलावे. फक्त पहिली दोन आणि शेवटची दोन वाक्ये शब्दशः पक्की करावीत, कारण छाती धडधडते ती सुरुवातीला आणि गाडी घसरते ती शेवटाला. माईक तोंडापासून वीतभर दूर ठेवावा. आणि बोली लपवू नये. गल्लीत बोलताना 'म्हसरं' म्हणावे, कार्यालयात निवेदन देताना 'जनावरे' म्हणावे. दोन्ही आपलीच मराठी आहे.

प्रश्न येतात तेव्हा

भाषण संपल्यावर गट घरी जायला निघतो, आणि खरे तर सभा तिथे सुरू होते. सहाही जणांनी पुढे येऊन बसावे, ज्याने जी माहिती आणली त्यानेच तिच्याविषयी उत्तर द्यावे, आणि ठाऊक नसेल तर 'ठाऊक नाही, शनिवारी विचारून सांगतो' असे वार सांगून म्हणावे. नोंद घेणाऱ्याची वही इथेही उघडी हवी. कोणी चिडून बोलले तर आधी त्याचा मुद्दा आपल्या शब्दांत त्यालाच ऐकवावा आणि 'असेच म्हणायचे आहे ना?' असे विचारावे. निम्मा राग तिथेच उतरतो.

आमच्या गटाच्या सभेत मागच्या बाजूला बसलेले एक वयस्क गृहस्थ सगळे शांतपणे ऐकून घेऊन उठले. मुलीच्या बोलण्याला त्यांनी आधी शाबासकी दिली आणि मग म्हणाले, 'पोरांनो, त्रेचाळीसला खूण करून काय उपयोग? एकोणचाळीस झालं की आमची खालची वाट बंद हुती. म्हसरं काय उडवून न्यायची?' गटाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ज्या प्रश्नाच्या वाक्यावर त्यांनी दोन बैठका घालवल्या होत्या, त्यातले 'वेळ हाताशी असूनही' हे शब्दच या गल्लीपुरते चुकीचे होते, आणि ते वाक्य येथे येऊन एका माणसाला जरी आधी वाचून दाखवले असते तरी कळले असते. बैठक चालवणाऱ्या मुलाने सफाई दिली नाही. त्याने त्या आजोबांना पुढे बोलावले, ती वाट कुठून सुरू होते आणि कुठे खोल आहे ते कागदावर काढून घेतले, आणि जनावरांसाठी जागा द्यायला तयार झालेल्या दोघांची नावे लिहून सभा संपवली.

दुसऱ्या दिवशी गटाने फळ्यावरच्या वाक्यातले ३९ आणि ४३ हे दोन्ही आकडे पुसले, त्या जागी 'खालची वाट पाण्याखाली जाण्यापूर्वी' असे लिहिले, आणि पायऱ्या रंगवायचे पुढे ढकलून सहाही जण टेप घेऊन आधी त्या वाटेची उंची मोजायला गेले.